आर्सेनिक किती, याच्या आधी कोणतं ते सांगा

दाभोळ खाडीच्या काठी माझं आजोळ. तिथं मामांच्या लोखंडी कपाटात एका तपासणीचा अहवाल अजून ठेवलेला आहे. मामा एसटीतून निवृत्त झालेले. तळपायाला मुंग्या येतात, रात्री पाय बधिर होतात, म्हणून त्यांनी आधी तालुक्याला दाखवलं, मग शहरात, आणि शहरात कुणीतरी लघवीतल्या जड धातूंची तपासणी सुचवली. अहवालात आर्सेनिकपुढचा आकडा मर्यादेच्या कितीतरी पट होता. दुसऱ्या दिवसापासून घरच्या विहिरीचं पाणी बंद झालं, विकतचे जार सुरू झाले. शेजारच्या दोन घरांनीही विहिरीला हात लावणं सोडलं. मासे तर अहवाल हातात आला त्याच दिवशी बंद. दारावर येणारी मासेवाली मावशी, जिच्या सासूकडून माझी आजी मासे घ्यायची, ती पाटी डोक्यावरून न उतरवताच परत जाऊ लागली. "खाडीत इख आलंय म्हंतायत, मग मी काय इकू?" असं तिनं मामीला विचारलं होतं. मामीकडे उत्तर नव्हतं.

मला हे कळायला दहा महिने गेले. मी रसायनशास्त्र शिकलो, पंधरा वर्षं पाणी आणि माती तपासण्यात काढली, आणि माझ्याच घरात हे चाललं होतं. गणपतीला गेलो तेव्हा मामांनी तो कागद दाखवला. मी एकच विचारलं, "मामा, तपासणीच्या आदल्या दिवशी जेवायला काय होतं?" मामींना लख्ख आठवत होतं. रविवार होता, कुर्ल्यांचं सार आणि कोळंबीभात.

पुन्हा तपासणी केली तेव्हा आकडा मर्यादेत आला. अर्थात मासे तर दहा महिने बंदच होते, फक्त कुणी पुन्हा मोजलं नव्हतं. मुंग्यांचं कारण मधुमेह निघालं. आर्सेनिकच्या मागे धावताना साखरेकडे सगळ्यांचं दुर्लक्ष झालं आणि तेवढ्या काळात पायांच्या नसांचं जे व्हायचं ते झालं.

त्या प्रयोगशाळेचा आकडा खोटा नव्हता. लघवीत तेवढं आर्सेनिक खरोखरच होतं. पण त्यातलं जवळजवळ सगळं कुर्ल्या-कोळंबीतून आलेलं, शरीराला न शिवता एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने निघून गेलेलं आर्सेनोबीटेन हे आर्सेनिकचं सेंद्रिय रूप होतं. अहवालात 'आर्सेनिक' एवढा एकच शब्द होता. कोणतं आर्सेनिक, ही ओळच नव्हती. माझं म्हणणं या एका ओळीबद्दल आहे. कोकणकिनाऱ्यावर खाडीचं पाणी, गाळ, मासे, तांदूळ, माणसाची लघवी, जे काही आर्सेनिकसाठी तपासलं जाईल आणि ज्याच्या आधाराने लोकांच्या अन्नाबद्दल, धंद्याबद्दल किंवा कारखान्याच्या परवान्याबद्दल निर्णय होईल, तिथं एकूण आकड्याबरोबर रूपवार मोजणी, म्हणजे आर्सेनिकचं प्रत्येक रूप वेगळं मोजणं, सक्तीची हवी. निदान आकडा मर्यादेबाहेर गेला की हवीच.

आपल्या भाषेला हा फरक जुना माहीत आहे. सोमल म्हणजे आर्सेनिकचं ऑक्साइड, पाण्यात विरघळणारं, जीव घेणारं. हरताळ आणि मनशीळ ही आर्सेनिकची गंधकाबरोबरची संयुगं, एक पिवळं, एक तांबडं. पोथीत चुकलेल्या अक्षरावर पिवळा हरताळ फासून ते पुसायचे, त्यातूनच 'हरताळ फासणे' आलं. पोथ्या लिहिणारे हरताळ रोज हाताळत आणि सोमलाला मात्र भीत. मूलद्रव्य एकच, पण तीन नावं तीन वेगळ्या वागणुकींची. मूलद्रव्याचं नाव कुणाला ठाऊक नसताना लोकांनी रूपं वेगळी ओळखली होती. आज यंत्रं अब्जातला एक भाग मोजतात आणि अहवालात मात्र सगळी रूपं एका बेरजेत कोंबली जातात.

रूपारूपांत फरक तरी किती? उंदरांवरच्या प्रयोगांत सोमल दर किलो वजनामागे साधारण तीस-पस्तीस मिलिग्रॅमला निम्मे उंदीर मारतो. आर्सेनोबीटेन किलोमागे १० ग्रॅम दिलं तरी ते मरत नाहीत. १९७७ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या शेवंडातून ते पहिल्यांदा ओळखलं गेलं, आणि मग जगभरच्या खाऱ्या पाण्यातल्या माशांत, कोळंबीत, खेकड्यांत तेच मुख्य रूप असल्याचं दिसत गेलं. कर्करोगावर संशोधन करणारी आंतरराष्ट्रीय संस्था असेंद्रिय आर्सेनिकला, म्हणजे कार्बनची जोड नसलेल्या आर्सेनाइट आणि आर्सेनेट या रूपांना, माणसात कर्करोग करणाऱ्या पहिल्या गटात ठेवते. मिथिल हा कार्बनचा छोटा गट जोडलेली आर्सेनिकची दोन आम्लं 'शक्यता आहे' या गटात आहेत. आर्सेनोबीटेन वर्गीकरणच करता येत नाही अशा गटात आहे. एवढं अंतर असलेल्या गोष्टींची बेरीज करून एक आकडा लिहायचा आणि त्याखाली रेघ मारायची, हे मला शास्त्र वाटत नाही.

पण सगळं समुद्री आर्सेनिक निरुपद्रवी, असंही मी म्हणणार नाही. शेवाळात आणि शेवाळ खाणाऱ्या शिंपल्यांत आर्सेनिक साखरेशी जोडलेलं सापडतं, तेलकट माशांत चरबीशी जोडलेलं. ही रूपं शरीरात मोडतात, आणि चरबीशी जोडलेली काही रूपं प्रयोगशाळेतल्या मानवी पेशींना घातक ठरलेली आहेत. हिजिकी नावाचं जपानी समुद्रशेवाळ तर असेंद्रिय आर्सेनिकच भरपूर साठवतं. ब्रिटनच्या अन्नसुरक्षा यंत्रणेने २००४ मध्ये ते खाऊ नका असा सल्ला दिला. तेव्हा 'समुद्रातलं आहे, नैसर्गिक आहे, काही होत नाही' हे वाक्यही 'आर्सेनिक आहे म्हणजे विष आहे' या वाक्याइतकंच आंधळं. दोन्ही वाक्यं बोलणाऱ्याने रूप मोजलेलं नसतं.

पाऱ्याची गोष्ट अनेकांना माहीत असते आणि तीच इथे घोटाळा करते. जपानमधल्या मिनामाताच्या उपसागरात कारखान्याच्या सांडपाण्यातला मिथिल पारा माशांत साठला आणि १९५६ पासून ती शोकांतिका जगापुढे आली. त्यातून 'सेंद्रिय झालेला धातू जास्त वाईट' हा धडा लोकांच्या मनात बसला. आर्सेनिकचं बरोबर उलट आहे. इथे जिवाणूंनी, शेवाळाने, माशांनी त्याला कार्बनची जोड दिली की बहुतेक वेळा त्याचे दात पडतात, आणि पाण्यात, खडकात, भातात असलेलं साधं असेंद्रिय रूप तेवढं चावतं. त्यामुळे एका जड धातूचा नियम दुसऱ्याला लावता येत नाही. 'जड धातू' या एका मथळ्याखाली शिसं, पारा, कॅडमियम, आर्सेनिक ओळीने लिहून सगळ्यांना एकाच नजरेने वाचायची सवय मोडायला हवी.

आता कायद्याकडे. पर्यावरण संरक्षण नियम, १९८६ मध्ये सांडपाण्यासाठी आर्सेनिकची मर्यादा लिटरला ०.२ मिलिग्रॅम आहे. नदीत सोडा, गटारात सोडा, शेतात सोडा किंवा समुद्रकिनाऱ्याच्या पाण्यात सोडा, आकडा तोच आणि तो फक्त मूलद्रव्याचा. पिण्याच्या पाण्याला लिटरमागे १० मायक्रोग्रॅम ही मर्यादा आहे. तीही एकूणच मोजते, पण तिथं मला तक्रार नाही, कारण भूजलात जे आर्सेनिक असतं ते जवळजवळ सगळं असेंद्रियच असतं. बेरीज आणि धोका तिथं एकच होतात. अन्नात हे दोन वेगळे होतात, म्हणून शहाण्या नियमांनी तिथं वेगळा शब्द वापरला आहे. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्न-मानक आयोगाने २०१४ मध्ये पॉलिश केलेल्या तांदळासाठी किलोला ०.२ मिलिग्रॅम ही मर्यादा घातली ती असेंद्रिय आर्सेनिकची. दोन वर्षांनी बिनपॉलिशच्या तांदळाला ०.३५ ठरली, तीही असेंद्रियचीच. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये मासे व कोळंबी-खेकड्यांसाठी किलोला २ मिलिग्रॅम, शिंपल्यांना १, आणि तिथंही असेंद्रिय हा शब्द नियमातच लिहिलेला आहे. एकूण आर्सेनिकला हीच मर्यादा लावली असती तर तिथल्या बाजारातले कित्येक शेवंड आणि खेकडे काहीही बिघडलेलं नसताना नापास झाले असते.

कोकणात बेरजेच्या आकड्याचं काय होतं, हे मी जनसुनावण्यांत पाहिलं आहे. पर्यावरणाचा अहवाल जाडजूड असतो. त्यात खाडीतल्या चार-सहा ठिकाणचं पाणी, गाळ, कधी मासे, आणि त्यांच्यापुढे धातूंचा तक्ता. विरोध करणारा तरुण उठतो आणि म्हणतो, आमच्या तिसऱ्यांत, खाडीतल्या या शिंपल्यांत, एवढं आर्सेनिक आहे, हे विष आम्हाला कोण खायला घालतंय? प्रकल्पाच्या बाजूने बोलणारा तज्ज्ञ उठतो आणि सांगतो, समुद्री जीवांत आर्सेनिक निसर्गतःच असतं, यात प्रदूषण नाही. दोघांच्या हातात तोच तक्ता. दोघांपैकी एकाचंही म्हणणं त्या तक्त्याने सिद्ध होत नाही किंवा खोडलंही जात नाही. घाबरवणाऱ्याला हा आकडा सोयीचा, आणि लपवणाऱ्याला त्याहून सोयीचा. मला दुसऱ्याची जास्त काळजी वाटते. मासळीत दहा भाग आर्सेनोबीटेन असेल आणि अर्धा भाग असेंद्रिय, तर असेंद्रिय दुप्पट झालं तरी बेरीज साडेदहाची अकरा होते. एवढा फरक दोन माशांत, दोन हंगामांत सहज पडतो. बेरजेच्या त्या चढउताराआड विषाची दुप्पट वाढ दडून जाते. खाडीवर जगणाऱ्यांना आपल्या शंकेचा पुरावा हवा असेल तर तो बेरजेत कधीच मिळणार नाही, रूपातच मिळेल. आणि कारखानदार खरोखर निर्दोष असेल तर त्यालाही तो रूपातच मिळेल.

कुणी म्हणेल, कोकण म्हणजे बंगाल नव्हे. मान्य आहे. गंगेच्या गाळात जे घडलं, कोलकात्याचे त्वचारोगतज्ज्ञ के. सी. साहा यांनी १९८३ मध्ये विहिरीच्या पाण्यातल्या आर्सेनिकने आजारी पडलेले जे रुग्ण ओळखले आणि जादवपूर विद्यापीठाच्या दीपांकर चक्रवर्ती यांनी पुढे गावोगावच्या नलिका विहिरी तपासून जे दाखवून दिलं, तसं संकट आपल्या बेसाल्टच्या आणि जांभ्याच्या भूमीत नाही. जांभा तर लोहाने भरलेला, आणि लोहाचे गंज आर्सेनेटला घट्ट धरून ठेवतात. कातळावरच्या उघड्या विहिरीत, जिथं हवा खेळते, तिथं भीतीचं कारण सहसा नसतं. मामांच्या विहिरीत नव्हतंच. पण संकट नाही म्हणून मोजणी ढिसाळ चालते असं कसं? उलट जिथं संकट नाही तिथंच चुकीचा आकडा एखाद्या निरोगी विहिरीला वाळीत टाकतो. आणि तारापूर, महाड, लोटे-परशुराम अशा औद्योगिक वसाहतींचं पाणी ज्या खाड्यांत उतरतं, तिथं काय घडतंय हे कळायला आधीची स्वच्छ, रूपवार नोंद हातात असावी लागते.

मोजणीचं खरं अवघडपण मात्र यंत्रात नाही, बाटलीत आहे. हे मला या सगळ्यातलं सर्वांत महत्त्वाचं वाटतं, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

समजा गुहागर तालुक्यातल्या एखाद्या बोअरचं पाणी तपासायचं आहे. खोलवरून आलेलं पाणी, प्राणवायू कमी, लोह विरघळलेलं, दिसायला स्वच्छ. माणूस बाटली भरतो, पिशवीत टाकतो, एसटीने चिपळूणला जातो, तिथून कुरिअर, आणि तिसऱ्या दिवशी बाटली शहरात पोचते. तोवर आत काय झालं? हवा लागल्याने लोहाचा गंज झाला, पाणी तांबूस झालं, तळाशी तांबडा गाळ बसला. बोअरच्या पाण्याची कळशी रात्रभर ठेवली तर काय होतं हे कोकणातली प्रत्येक बाई जाणते. त्या गंजाने बाटलीतलं बरंचसं आर्सेनिक ओढून खाली नेलं. उरलेलं जे आर्सेनाइट होतं त्यातलं काही वाटेत आर्सेनेट झालं. प्रयोगशाळेत वरचं नितळ पाणी गाळून यंत्रात घातलं आणि अहवाल आला, आढळलं नाही. आकडा पुन्हा खरा, आणि पाणी मात्र तेच, जे घरातली मुलं पितात.

म्हणून रूप मोजायचं असेल तर काम विहिरीच्या काठावर सुरू व्हावं लागतं. तिथल्या तिथं सिरिंजने बारीक गाळणीतून पाणी गाळायचं, लोह बसू नये म्हणून आम्ल किंवा ईडीटीए हे लोहाला धरून ठेवणारं रसायन घालायचं, उजेड लागणार नाही अशा बाटलीत भरून बर्फात ठेवायचं. त्याहून चांगलं म्हणजे दोन्ही रूपं तिथंच वेगळी करायची. साध्या विहिरीच्या पाण्यात आर्सेनाइटवर विद्युतभार नसतो, आर्सेनेटवर ऋणभार असतो. हाताच्या बोटाएवढ्या एका नळीत ऋणभार असलेलं धरून ठेवणारी राळ भरलेली असते. त्यातून पाणी ढकललं की आर्सेनेट अडकतं आणि आर्सेनाइट पलीकडे जातं. नंतर बाटली वाटेत दोन दिवस पडली तरी ही विभागणी बदलत नाही. हे शिकायला पदवी लागत नाही. विज्ञान शाखेतल्या बारावीच्या मुलीला एका दुपारी शिकवता येतं.

खाडीच्या चिखलात गोष्ट आणखी निराळी. कांदळवनातल्या काळ्या चिखलाला जो कुजक्या अंड्याचा वास येतो तो गंधकाच्या वायूचा. तिथल्या पाण्यात आर्सेनिक गंधकाशी जोडलेल्या रूपांत असू शकतं. अशा पाण्यात नेहमीच्या सवयीने आम्ल घातलं, की आर्सेनिक आणि गंधक एकत्र येऊन पिवळा साका खाली बसतो, म्हणजे हरताळाच्याच घडणीचा पदार्थ. नमुना जपण्यासाठी घातलेलं आम्लच नमुन्यावर अक्षरशः हरताळ फासतं. विहिरीला जी पद्धत योग्य, तीच खाडीला अयोग्य. हे न कळता एकाच पेटीतून एकाच सूचनेने सगळीकडचे नमुने गोळा करणाऱ्या योजना मी पाहिल्या आहेत.

मग यंत्र. आज रूपवार मोजणीची सर्वमान्य वाट अशी, की नमुन्यातली रूपं आधी एका स्तंभातून एकामागून एक वेगळी काढायची आणि मग आर्गॉन वायूच्या अतितप्त झोतात, म्हणजे प्लाझ्मात, जाळून अणूंचं वजन मोजायचं. आर्सेनिकचं निसर्गात एकच स्थिर वजन आहे, ७५. आता खाडीच्या पाण्यात, माशात, खाजणातल्या, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीतल्या, भातात काय भरपूर? मीठ. मिठातलं ३५ वजनाचं क्लोरीन आणि प्लाझ्मातलं ४० वजनाचं आर्गॉन जोडीने आले की बेरीज ७५ होते आणि यंत्राला ते आर्सेनिक वाटतं. म्हणजे जिथं खारं पाणी आहे तिथं नसलेलं आर्सेनिक दिसण्याची शक्यता सर्वांत जास्त. उपाय आहेत. हेलियमच्या कोठडीतून नेऊन ही जोडी अडवता येते, किंवा प्राणवायू जोडून आर्सेनिकला ९१ वर नेऊन मोजता येतं. पण हा उपाय वापरला का, हे अहवालात लिहिलेलं मी क्वचित पाहिलं आहे. समुद्राच्या पाण्यात आर्सेनिक लिटरला दीड-दोन मायक्रोग्रॅमच्या आसपास असतं. कुणी त्याच्या कितीतरी पट आकडा दाखवत असेल, तर पहिली शंका खाडीवर घ्यायच्या आधी मिठावर घ्यावी.

लहान प्रयोगशाळांत वेगळी पद्धत चालते. त्यात आर्सेनिकचा वायू करून मोजतात. आर्सेनोबीटेनपासून हा वायू होतच नाही, आणि हा रेणू इतका चिवट की साध्या नायट्रिक आम्लात उकळूनही तो पुरता मोडत नाही. त्यामुळे एकाच सुरमईचे दोन तुकडे दोन ठिकाणी पाठवले तर एकीकडे 'एकूण आर्सेनिक' नगण्य आणि दुसरीकडे दहापट येऊ शकतं, आणि दोन्हींवर 'एकूण' असंच छापलेलं असतं. ज्याला आपण सोपा, स्वस्त, भरवशाचा आकडा समजतो तो एकूण आकडासुद्धा रूपं समजून घेतल्याशिवाय नीट मोजता येत नाही. रूपवार मोजणी ही चैन आहे, असं म्हणणाऱ्यांनी याचा विचार करावा.

भाताबद्दल दोन शब्द, कारण मासे आणि भात या दोनच गोष्टींवर किनारा जगतो. भाताचं रोप पाण्यात उभं असतं. पाण्याखालच्या जमिनीत प्राणवायू संपतो, गंजाने धरलेलं आर्सेनिक सुटतं, आर्सेनाइट होतं, आणि रोप ज्या दारातून वाळूतलं सिलिकॉन आत घेतं त्याच दारातून ते आत शिरतं. म्हणून गहू-नाचणीपेक्षा तांदळात ते जास्त. दाण्याच्या वरच्या कोंड्यात असेंद्रिय रूप अधिक असतं, आणि आपला उकडा तांदूळ कोंडा राखून असतो. त्याची पेज आपण पाण्यासकट पितो, तर जास्त पाण्यात भात शिजवून पाणी काढून टाकलं की असेंद्रिय आर्सेनिक कमी होतं हे सिद्ध झालेलं आहे. यातून पेज सोडा असं मी अजिबात म्हणत नाही. मी स्वतः पेजेवर वाढलो. माझं म्हणणं एवढंच, की अमेरिकी तांदळात बरंचसं आर्सेनिक मिथिल जोडलेल्या रूपात असतं आणि दक्षिण आशियातल्या तांदळात बहुतांश असेंद्रिय, त्यामुळे बाहेरच्या अभ्यासातली बेरीज आणून आपल्या ताटाला लावता येत नाही. आपला तांदूळ आपणच, रूपवार, मोजला पाहिजे. पनवेलचं खारजमीन संशोधन केंद्र खाऱ्या जमिनीत तगणारी भाताची वाणं देतं. नव्या वाणाची चाचणी घेताना उतारा आणि क्षार सोसण्याची ताकद पाहतात, तसा दाण्यातल्या असेंद्रिय आर्सेनिकचा रकाना त्या तक्त्यात घालावा. खाजणात बांध फुटून उधाणाचं पाणी शिरतं, मातीची रासायनिक अवस्था उलटीपालटी होते, तेव्हा या रकान्याचं मोल कळेल.

खर्चाचा आक्षेप खरा आहे. स्तंभ, प्लाझ्मा, ज्यांतलं प्रमाण आधीच ठाऊक असतं असे प्रमाणित नमुने, शिकलेली माणसं, सगळं महाग. पण प्रत्येक बाटलीची रूपवार मोजणी करा असं कुणी म्हणत नाही. कोडेक्सनेच वाट दाखवली आहे. आधी एकूण मोजा. एकूणच असेंद्रियच्या मर्यादेखाली असेल तर पुढे जायची गरज नाही, विषय संपला. वर गेलं तरच रूप काढा. तांदळाचे बहुतेक नमुने पहिल्या पायरीवरच सुटतील. मासे नाही सुटणार, पण त्यांच्यासाठी सगळी रूपं ओळखायचीही गरज नाही, असेंद्रिय तेवढं वेगळं काढलं तरी निर्णयाला पुरतं. आणि खर्च मोजायचाच तर मामांनी दहा महिने विकत घेतलेले जार, मावशीचा बुडालेला धंदा, आणि वेळेवर न कळलेला मधुमेह हेही त्याच वहीत लिहायला हवेत.

शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे, दापोलीला कृषी विद्यापीठ आहे. मासा आणि भात दोन्ही जाणणारी माणसं आहेत, विद्यार्थी आहेत. रत्नागिरीच्या आसपास अशी एक मोजणीची सोय उभी राहिली, तिथं माशाच्या स्नायूचे, तांदळाच्या पिठाचे प्रमाणित नमुने प्रत्येक फेरीत शेजारी ठेवून मोजण्याचा शिरस्ता पडला, तर नमुन्याला मुंबई-पुण्याचा प्रवास करावा लागणार नाही आणि बाटलीत गंज बसायला वेळही मिळणार नाही. डॉक्टरांच्या बाबतीत तर पैसाही लागत नाही. लघवीतलं आर्सेनिक तपासायला सांगताना चिठ्ठीवर 'पाच दिवस मासे, कोळंबी, शिंपले बंद' एवढं लिहायचं आहे, आणि प्रयोगशाळेने नमुना घेताना तोच प्रश्न पुन्हा विचारायचा आहे. कोकणात, जिथं बुधवार-रविवार मासळीशिवाय जात नाही, तिथं हा प्रश्न न विचारता ही तपासणी करूच नये.

ज्या गावात पुढची जनसुनावणी असेल त्या गावाने आतापासून चार गोष्टी लेखी मागाव्यात. नमुना कुठे आणि कसा गाळला, त्यात काय घातलं, मिठाचा अडथळा कसा काढला, आणि असेंद्रिय किती. पाण्याचा नमुना मे महिन्यात, खाडी सर्वांत खारी असताना, आणि पुन्हा ऑक्टोबरमध्ये पाऊस ओसरल्यावर, त्याच जागेवर, ओहोटीच्या त्याच वेळेला घ्यावा. तिसऱ्या आणि कालवं जिथं बायका वेचतात तिथलीच घ्यावीत, बाजारातली नकोत. आणि बाटली भरताना गावातला कुणीतरी शेजारी उभा असावा, वहीत वेळ लिहीत.